थर्माकोलची मेम्ब्रेन वाळवली आणि पाणी जाणं बंद झालं

टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळायची बारीक छिद्रांची शीट, पहिल्या दिवशी चालली, वाळवून परत लावली तर 2 बार दाबालाही थेंब नाही, हे तुमचं वाचलं आणि आमचंच जुनं दुखणं डोळ्यांपुढे आलं. एनएमपी या विद्रावकात थर्माकोलचं द्रावण करणं, ते काचेवर पसरून पाण्यात बुडवणं तुम्हाला जमतंय, ते सोडतो.

घोळ वाळवण्यात आहे. पाणी उडताना छिद्रांच्या भिंती आत ओढल्या जातात. छिद्र जितकं बारीक, तितकी ओढ जास्त, म्हणून वरचं पातळ कातडं आधी मिटतं. फेकण्याआधी शीट 50 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात अर्धा तास बुडवा आणि वाळू न देता पाण्याने धुऊन लावा. पाणी सुरू झालं तर छिद्रांत फक्त हवा अडकली होती, थर्माकोलचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) सहजी भिजत नाही. नाही झालं, तर ती शीट गेली. शीट ताणून शुद्ध अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात. हेक्झेनने वाळवायची युक्तीही याच कारणाने थर्माकोलला नको.

पुढच्या शीट पाण्यातच ठेवा. वाळवणं भागच असेल तर आधी रात्रभर 20 टक्के ग्लिसरीनच्या पाण्यात, म्हणजे छिद्रं मिटत नाहीत.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक चाचणी कार्यालय. अर्जात "नमुना कोरडा हवा" एवढंच. ग्लिसरीनचं कुणी बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. फी गेली, महिना गेला, अहवालात प्रवाह शून्य. ओला नमुना घेतील का, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. याचा राग अजून आहे.

आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत एकाच द्रावणाच्या शीट वेगळ्या निघतात. पसरल्यावर हवेतली वाफ वरच्या थरात शिरते आणि छिद्रं मोठी होतात. पसरल्यापासून पाण्यात बुडवेपर्यंतचे सेकंद आणि खोलीतली आर्द्रता वहीत लिहा. थर्माकोल नेहमी वजनावर घ्या, 15 ग्रॅमचा ढीग जवळपास लिटरभर दिसतो.

माझं मत, पटलं तर घ्या: या मेम्ब्रेनमधून गाळलेलं पाणी पिऊ नका. विद्रावक आत उरलेला असू शकतो. शिवाय असली मेम्ब्रेन गढूळपणा अडवते, बोअरचा क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट नाही. एनएमपी कातडीतून शरीरात जातो आणि गर्भाला घातक आहे. पातळ नायट्राइल हातमोजे त्यापुढे टिकत नाहीत, ब्युटाइल रबरचे घ्या. शीट धुतलेलं पहिलं पाणी नालीत सोडू नका.