परवाना रिव्हॉल्व्हरचा, काडतुसं भरण्याचा नव्हे

सातारा जिल्ह्यातले एक वाचक लिहितात : स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. दुकानातली काडतुसं महाग, म्हणून मित्राबरोबर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरल्या. त्यातली काही सिलिंडरमध्ये पूर्ण बसत नाहीत, काही बसली तर सिलिंडर अडकतो. गनस्मिथकडे न्यावीत का?

अशी पत्रं मला अधूनमधून येतात. पुंगळी फुगली असेल, बुडाची ठिणगी देणारी टोपी वर राहिली असेल, काहीही असेल. दाबून बसवू नका आणि झाडू नका. यापुढे त्या काडतुसांच्या मापाशी तुम्हाला कर्तव्य नाही.

तुमचं सगळं प्रकरण ‘भरल्या’ या एका क्रियापदावर ठरणार आहे. परवान्यात नसलेली काडतुसं नुसती बाळगली, तर तो शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ चा भंग. शिक्षा दोन ते पाच वर्षं, आणि कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय खटलाच भरता येत नाही. काडतूस तयार करणं मात्र कलम ५ मध्ये येतं. तिथे ही मंजुरीची ढाल नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. जुन्या पुंगळीत नवी दारू भरणं म्हणजे ‘तयार करणं’ नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. त्याच्या भरवशावर मी कुणाला घरी झोपायला सांगणार नाही. आणि तो निकाली निघेपर्यंत किती तारखा पडतील, हे विचारू नका.

असं असताना तुम्ही ‘आम्ही दोघांनी भरल्या’ हे ईमेलवर सविस्तर लिहून पाठवलंत! सल्ल्याच्या सदराला लिहिलेलं पत्र म्हणजे आपल्या वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं, असं कोर्ट मानेलच याची खात्री धरू नका. मित्राला व्हॉट्सअॅपवर आणखी काही लिहू नका.

काडतुसं विहिरीत टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम २३८, वर चढेल. मित्राला परत देऊ नका, गनस्मिथलाही दाखवू नका. नुसती एखादी पुंगळी शोभेला ठेवली असती तर कलम ४५ ची, किरकोळ सुट्या भागांसाठीची सवलत मागता आली असती. सोबत टोप्या, दारू आणि भरायचा साचा असेल तर ती विसरा. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही ‘दारूगोळा’च आहेत.

या आठवड्यात साताऱ्यातला फौजदारी वकील गाठा. परवाना आणि दुकानाच्या पावत्या सोबत न्या, म्हणजे विकत घेतलेली काडतुसं वेगळी काढता येतील. घरी भरलेली स्वतःहून जमा करणं बहुधा हिताचं. पण कधी, कुठे, कोणत्या शब्दांत आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी करायचा की नंतर, हे त्यांनी सगळी हकिगत ऐकून ठरवावं. तोवर पोलीस ठाण्यात एकट्यानं जाऊन जबाब देऊ नका.