राजवाड्याच्या भागात वन-वे करायचंय, मग आधी फेरा मोजा

तुम्ही विचारलंय की इंदूरमधे राजवाडा, सराफा, बर्तन बाजार ह्या भागातले रस्ते सरसकट वन-वे केले तर जाम सुटेल का. मी वीसेक वर्षं रस्त्यांचे सर्वे केलेत, म्हणजे चौराह्यावर वही घेऊन गाड्या मोजायच्या, आणि राहतो रामबागेत, त्यामुळे हा भाग पायाखालचा आहे. माझं म्हणणं असं की अरुंद गल्ल्या बिनधास्त वन-वे करा, समोरासमोर दोन गाड्या आल्या की तिथे कोणीतरी मागे जावंच लागतं. मोठ्या रस्त्यांचं मात्र आधी गणित करा.

फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. साध्या टू-वे चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींत घुसतात, वन-वे केलं की हा आकडा खूप खाली येतो, उजवीकडे वळणारा समोरच्यांना अडवून उभा राहत नाही. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या गाइडलाइनमधे दोन लेनचा बाजारातला रस्ता, कडेला गाड्या उभ्या आहेत असं धरून, टू-वे असेल तर तासाला ९०० पीसीयूचा मानलाय आणि वन-वे असेल तर १४०० चा. पीसीयू म्हणजे लहानमोठ्या गाड्या एकत्र मोजायचं माप, कार १ धरायची, दुचाक्या जास्त असतील तिथे एक स्कूटर ०.७५. आता त्याच तक्त्यात बघा, रस्ता वन-वेच, दुकानं पण आहेत, पण कडेला एकही गाडी उभी नाही आणि चौक जास्त गाड्या सोडणारे आहेत, तर १९००. म्हणजे वन-वेने ५०० वाढले आणि कडेच्या गाड्या उचलून चौक सुधारले की आणखी ५००. आपल्याकडे पहिलं लगेच होतं कारण बोर्ड लावला की झालं, दुसरं वर्षानुवर्षं राहून जातं, आणि मला सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच होतो.

आता फेरा. जवाहर मार्ग आणि एमजी रोड नकाशावर जोडीचे दिसतात, पुण्यातल्या जेएम आणि एफसी रोडसारखे, एक जायला एक यायला. पण मधे काय आहे तर सराफा आणि बाजाराच्या गल्ल्या, ठेले, हातगाड्या, उतरत असलेला माल. ज्याचं दुकान पन्नास पावलं मागे राहिलं तो ह्या सगळ्यातून वळसा घालून परत येणार, म्हणजे तीच गाडी तुमच्या रस्त्यावर दोनदा मोजली जाणार आणि वाढलेल्या ५०० मधले कितीतरी ह्या फेऱ्यातच जाणार. आणि तो वळसा घालत नाही हो, तो उलटा घुसतो.

माझ्या मावशीचं सांगतो, सत्तरी ओलांडलेली, नवं पितळी पातेलं छातीशी धरून वन-वे गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओलांडत होती, जिकडून गाड्या यायच्या तिकडे नीट बघितलं, आणि दुसऱ्या बाजूने ई-रिक्षा आली. पातेलं चेपलं, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तिची काहीच चूक नव्हती. वन-वेमधे माणूस एकाच बाजूला बघतो, म्हणून राँग साइडची गाडी टू-वेपेक्षा तिथे जास्त घातक.

दुसरं म्हणजे वेग. समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर रस्ता जरा मोकळा झाला की लोक पळवतात. अमेरिकेत लुइव्हिल शहरात २०११ मधे ब्रुक आणि फर्स्ट हे दोन वन-वे रस्ते परत टू-वे केले, तिथे अपघात कमी झाले. सिटी बसचं पण बघा, उतरायचा स्टॉप एका रस्त्यावर आणि परतीचा दुसऱ्यावर, मधलं अंतर पिशव्या घेऊन म्हाताऱ्या माणसांनी चालायचं.

सराफ्यात रात्री खाण्याची दुकानं लागल्यावर वन-वे की टू-वे हा प्रश्नच नको, तो रस्ता पायी चालणाऱ्यांना द्या.

तुम्ही नेमक्या कुठल्या रस्त्याबद्दल विचारताय ते लिहा, कुठून कुठपर्यंत. संध्याकाळी सहा ते आठ तिथे दोघं उभे राहू, एकाने सरळ जाणाऱ्या मोजायच्या, एकाने उलट्या घुसणाऱ्या, वही मी आणतो.