नरवाई पेटली डबऱ्यात, नोटीस आली लष्करात

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहते. यजमान गेल्यापासून डबरा तहसीलीतली आमची सात एकर जमीन तोंडी बोलीवर बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिली आहे. एप्रिलमध्ये हार्वेस्टर फिरला आणि दोनच दिवसांत गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जळाली. उपग्रहावर आग दिसली म्हणून तहसीलीतून माझ्या नावाने १५,००० रुपयांची नोटीस आली. सात दिवसांत खुलासा मागितलाय. बटाईदार म्हणतो, आग शेजारून आली. भाचा म्हणतो, दंड आता ३०,००० झालाय, अर्ध्यात सुटतेस तर भरून टाक. दिल्लीच्या धुरासाठी आम्ही का भरायचं?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो खुलाशात लिहायचा मोह तुम्हाला होणार. लिहू नका. शेतकऱ्याला धरायचं की गाड्या-कारखान्यांना, हा वाद जुना आहे. आपल्याच भागातले नरेंद्रसिंह तोमर कृषिमंत्री असताना, २०२१ मध्ये, पराली (पिकाचे उरलेले अवशेष) जाळणं गुन्हा राहणार नाही असं म्हणाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, काहींना तुरुंगात का धाडू नये? तहसीलदारापुढे यातलं काहीच कामाचं नाही. शिवाय दिल्लीचा नोव्हेंबरातला धूर भाताच्या परालीचा. एप्रिलमधली आपली नरवाई आपल्याच छातीत जाते, डबऱ्याच्या वाटेवर मीही खोकलोय.

भाच्याचा आकडा दुसऱ्यांचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट झालेले दर दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठीच्या वायू गुणवत्ता आयोगाच्या हद्दीतले. मध्य प्रदेश त्यात येत नाही. आपल्याकडे १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम १९(५) खाली बंदी आहे आणि दर घटनेला दोन एकरांपर्यंत २,५००, पाचपर्यंत ५,००० आणि पुढे १५,००० रुपये. म्हणजे रक्कम बरोबर लावली आहे. पेटवली कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

तिथे नोटीस लंगडी आहे. आग टिपणाऱ्या उपग्रहांपैकी बारीक नजरेचा म्हणून ज्याची माहिती सर्रास वापरतात, त्याचा एक ठिपका जमिनीवर साधारण ३७५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. तुमच्यासारखी पाच शेतं त्यात मावतील! आग नेमक्या तुमच्या खसऱ्यात (जमिनीच्या नोंदलेल्या तुकड्यात) कुठून सुरू झाली, हे पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, पंचनाम्यातूनच कळणार. त्याची नक्कल आजच लेखी अर्ज देऊन मागा.

गुपचूप भरायला मी मनाई करतो ती १५,००० साठी नव्हे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवलं की नरवाई जाळणाऱ्याची मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेची रक्कम वर्षभर बंद आणि पुढच्या वर्षी हमीभावाने खरेदी नाही. मुकाट्याने भरलेला पैसा कबुली म्हणून तुमच्याच अंगावर येईल.

आता नाजूक भाग. ‘बटाईदाराने जाळली’ आणि ‘शेजारून आली’ ही दोन्ही वाक्यं एका कागदावर आली, तर दोन्ही खोटी वाटतील. आधी गावात जाऊन खरं काय ते काढा. तुम्ही त्या दिवशी लष्करात होता, म्हणून स्वतःला ठाऊक आहे तेवढंच लिहा : जमीन बटाईवर आहे, कसतो तो अमुक. हार्वेस्टरचं भाडं त्याच्या मोबाईलवरून गेलं असेल तर ती नोंद जोडा. त्याच्याकडून शपथपत्र मिळालं तर उत्तमच, पण ते मिळेल यावर मी पैज लावणार नाही. आग शेजाऱ्याचीच निघाली, तर पोलिसांत निष्काळजीपणाचा अर्ज त्याच दिवशी द्या. उशिरा दिलेल्या अर्जावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बटाई कबूल केल्याने जमीन जाईल, ही भीती अनेकांना असते. भू-राजस्व संहितेच्या कलम १६८ मध्ये जमीन दुसऱ्याला कसायला देण्यावर बंधन आहे, पण विधवेला त्यातून सूट आहे, तेव्हा बटाई लपवू नका. पुढच्या पेरणीआधी मात्र २०१६ च्या बटाईदार कायद्याप्रमाणे लेखी करार करा आणि एक प्रत तहसीलदाराकडे द्या. कापणीनंतर स्ट्रॉ रीपर (उरलेले खुंट कापून भुसा करणारं यंत्र) कोणाच्या खर्चाने फिरणार, ते त्यात स्पष्ट लिहून घ्या.

फौजदारीची धास्ती नको. कलेक्टरच्या मनाई आदेशाचा भंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ चा वेगळा मामला. संबंधित अधिकाऱ्याने स्वतः लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही.

खुलासा दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मिळेपर्यंत बाबूच्या टेबलावरून हलू नका.