वारसनोंदीसाठी थेट जळगाव गाठायचं का?

प्रश्न : वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. यावल तालुक्यात त्यांच्या नावावर अडीच एकर केळीचं रान आहे. आम्ही दोघी बहिणी, एक भाऊ. ग्रामसेवक म्हणाले, हे माझं काम नाही. गावातले सांगतात, सरळ जळगावला कलेक्टरांकडे अर्ज दे. जावं कुठं?

उत्तर : ताई, ग्रामसेवकांनी खरं तेच सांगितलं. त्यांची वाट ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी जाते. मृत्यूचा दाखला तेवढा त्यांच्याकडून घ्या. जमिनीचं काम महसुलाचं, आणि ते तलाठी भाऊसाहेबांपासून सुरू होतं. पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ लिहिलेलं दिसेल.

मी महसुलात 34 वर्षं काढली, शेवटची 9 मंडळ अधिकारी म्हणून. एक मावशी अजून डोळ्यांसमोर येतात. पहाटेची एस.टी. धरून तीनदा जिल्ह्याला जाऊन आल्या. त्यांचा अर्ज प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी), तहसीलदार असा उतरत माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्यावर शिक्क्यांना जागा उरली नव्हती. वारसांची चौकशी मात्र तलाठ्यालाच करायची होती. ती चार दिवसांत झाली. मावशींच्या त्या तीन खेपांचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून तुम्ही खालून सुरुवात करा. कायद्याने 3 महिन्यांत कळवायचं असतं, तेव्हा याच आठवड्यात जा. सोबत दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सात-बारा. तलाठी वारस रजिस्टरला नोंद घेतील, मग फेरफार, म्हणजे सात-बारावरची नावं बदलण्याची नोंद, धरतील. नोटिशीचे 15 दिवस गेले आणि हरकत आली नाही, की सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतात. हरकत आली तर तहसीलदारांपुढे सुनावणी. नोंद मंजूर झाली पण चुकीची वाटली, तर 60 दिवसांत प्रांतांकडे अपील. तुमचे प्रांत फैजपूरला बसतात. त्यावर कलेक्टर, त्याहून वर नाशिकचे विभागीय आयुक्त. अख्खा खानदेश त्यांच्याच विभागात येतो. 1998 पर्यंत धडगावच्या माणसाला कलेक्टर गाठायला धुळं गाठावं लागायचं. नंदुरबार वेगळा झाला तेव्हा ती पायपीट कमी झाली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रतिज्ञापत्रात तुम्हा दोघींची नावं आहेत ना, स्वतः वाचून बघा. लेकींचा हक्क लेकांइतकाच आहे. त्याच बैठकीत कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर त्या दिवशी सही करू नका. घरी न्या, वाचा, बहिणीशी बोला. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर तारीख घालून पोच घेतल्याशिवाय उठू नका.