भाऊ चाकणला चार वर्षं एकाच मशीनवर आहे, तरी कंत्राटीच. जागतिकीकरण आणि नव्या कामगार कायद्यांनी नेमकं काय बदललं? तो परमनंट होऊ शकतो का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: भाऊ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रेस मशीनवर आहे, चार वर्षांत ठेकेदार दोनदा बदलला, मशीन आणि सुपरवायझर मात्र तेच. एचआर म्हणतं, ‘तू आमचा माणूसच नाहीस.’

चार वर्षं भरली एवढ्यावर कोणी परमनंट होत नाही. ठेकेदार नावापुरता आहे आणि खरा मालक कंपनीच आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. पुरावे हाताशी असतील आणि वाद नोकरीत असतानाच उपस्थित केला, तर केस उभी राहते. काढून टाकल्यावर धावाधाव केली तर बहुतेक वेळा हाती नुकसानभरपाई पडते, नोकरी नाही.

आता हे असं का झालं ते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली प्रकरण पाच-ब घातलं गेलं. ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात, ले-ऑफ (काम नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं बसवून ठेवणं) किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेणं सक्तीचं झालं. पुढे ऐंशीच्या दशकात ही मर्यादा १०० वर आली. १९९१ नंतर परवाना पद्धत गेली, आयात खुली झाली, परदेशी कंपन्या आल्या, पण या कलमाला हात लावायची हिंमत जवळपास तीस वर्षं कुठल्याच केंद्र सरकारने केली नाही. मग कायदा तसाच ठेवून व्यवहार बदलला. परमनंट माणूस काढता येत नाही ना, मग घ्यायचाच नाही! ठेकेदाराची माणसं कंपनीच्या पटावर नसतात, त्यांना कमी करायला कंपनी परवानगी मागतच नाही. नोंदणीकृत कारखान्यांत या शतकाच्या सुरुवातीला साधारण पाचात एक कामगार कंत्राटी होता, आता दहात चार आहेत.

चाकण, रांजणगाव, भोसरीत याला आणखी एक पदर आहे. गाडी बनवणारी कंपनी वेंडरला, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीला, महिन्याचं शेड्यूल देते आणि लागेल तसा रोज माल उचलते, साठा ठेवत नाही. शिवाय दरवर्षी पार्टचा भाव थोडा खाली आणायचा दबाव असतो. वेंडरच्या हातात स्टीलचा भाव नाही, विजेचा दर नाही, मशीनचा हप्ता नाही. वर-खाली करता येईल असा एकच खर्च उरतो, माणसांचा. परदेशात मागणी घटली, एखादं मॉडेल बंद झालं की शेड्यूल पडतं आणि संध्याकाळी ठेकेदाराला फोन जातो, ‘उद्यापासून चाळीस पोरं कमी कर.’ बाजाराचा चढउतार असा वरून ढकलत ढकलत थेट तुमच्या भावाच्या हजेरीपर्यंत येतो.

परमनंट असणं म्हणजे अभय, असंही समजू नका. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादनही थांबवलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने जो करार केला तो जागा आणि यंत्रसामग्रीचा. पण तिथले कामगार परमनंट होते आणि युनियन होती, म्हणून बंदची परवानगी, देणी यांवर निदान लढता तरी आलं. ठेक्यावरच्या माणसाला नुसतं ‘उद्या येऊ नको’ म्हणतात.

आता ‘२४० दिवस’. शॉप फ्लोअरवर या आकड्याचा सगळ्यात जास्त घोळ आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली, महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींची नियमावली) तरतूद होती की १२ महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केलेला तात्पुरता कामगार कायम होतो. सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत इथूनच आली, कारण सात महिन्यांत २४० दिवस भरतच नाहीत. दुसरी, औद्योगिक विवाद कायद्यातली आणि आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत आलेली: वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काढताना एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणजे चार वर्षांना साठ दिवसांचा. ही दुसरी तरतूद कायम करत नाही, फक्त काढण्याची किंमत ठरवते. आणि दोन्ही हक्क मागायचे कोणाकडे? मालकाकडे. कागदावरचा मालक ठेकेदार असेल तर गाडी तिथेच अडते.

कंत्राटी कामगारांबद्दलचा मुख्य निकाल स्टील अथॉरिटीच्या खटल्यातला, सर्वोच्च न्यायालयाचा, २००१ चा. त्याआधी १९९६ च्या एअर इंडियाच्या निकालानुसार, एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर सरकारने बंदी घातली की कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत. २००१ च्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे उलटवलं: आपोआप काही नाही, मात्र कंत्राट दिखाऊ आहे, कामगार कायद्यातून सुटण्यासाठी उभा केलेला पडदा आहे, असं ठरलं तर ते कामगार कंपनीचेच. हे ठरवायचं औद्योगिक न्यायाधिकरणाने, पुरावा तपासून. पुढच्या निकालांत कसोट्या पक्क्या झाल्या: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, शिस्तीची कारवाई आणि काढण्याचा अधिकार कोणाचा, कामावर रोजचा ताबा कोणाचा. यातली शेवटची कसोटी फसवी आहे. कंपनीने ठेकेदाराला ‘तुझी दहा माणसं लाइन तीनवर लाव’ एवढंच सांगितलं, तर न्यायालयं त्याला दुय्यम ताबा म्हणतात आणि तेवढ्यावर केस पडते. कंपनीचा सुपरवायझर प्रत्येक कामगाराला थेट काम देतो, रजा देतो, ओव्हरटाइमला थांबवतो, हे दिसावं लागतं.

इथे महाराष्ट्रात एक खड्डा आहे आणि चांगले चांगले त्यात पडतात. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा तो) कामगारांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. म्हणून लोक सरळ तिथे तक्रार टाकतात. पण २००१ च्याच कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या निकालांनी सांगितलंय की कंपनी आपला मालक आहे की नाही यावरच वाद असेल तर ही तक्रार चालत नाही, आधी ते नातं दुसऱ्या मंचावर सिद्ध करून या. चुकीचं दार ठोठावलं की वर्षं जातात आणि दरम्यान ठेका संपतो.

तर पुरावा. सगळ्यात उपयोगी गोष्ट बहुधा भावाच्या लाइनच्या शेजारी भिंतीवर टांगलेली असेल, स्किल मॅट्रिक्स. डावीकडे कामगारांची नावं, वर मशीनची नावं, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. जितकं येतं तितके भाग भरलेले. खाली कंपनीच्या विभागप्रमुखाची सही. गाडी उद्योगातली गुणवत्तेची प्रमाणपत्रं टिकवायला प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, त्यामुळे ‘हा माणूस आमचा नाही’ म्हणणारी कंपनी ऑडिटरला त्याच माणसाचं नाव, कौशल्य आणि प्रशिक्षण स्वतःच्या कागदावर दाखवत असते. तशीच प्रशिक्षणाची हजेरी, सेफ्टी शूज-हातमोजे दिल्याचं रजिस्टर, प्रॉडक्शन आणि तपासणी शीटवरच्या सह्या. यांचे फोटो काढायला आत मोबाइल चालत नसेल तर चालत नाही. तो नियम मोडून शिस्तीची कारवाई ओढवून घेऊ नका. कोणतं रजिस्टर, कुठे असतं, साधारण कोणत्या तारखांचं, एवढं घरी वहीत लिहून ठेवलं तरी पुढे न्यायाधिकरणात ते कागद हजर करायला लावा, असा अर्ज देता येतो.

बाहेर मिळणारे पुरावे लगेच गोळा करा. पीएफच्या पोर्टलवरचा सेवा इतिहास: तिन्ही ठेकेदारांची नावं, रुजू आणि सोडल्याच्या तारखा. एका ठेकेदाराकडून ३१ तारखेला बाहेर आणि दुसऱ्याकडे १ तारखेला आत, काम तेच, असं दिसलं तर ते बोलकं आहे. सगळ्या पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू. ‘उद्या सुट्टी हवी’ आणि त्यावर कंपनीच्या सुपरवायझरचं ‘ओके’, असे व्हॉट्सअॅप संदेश तारखेसह. आणि माहिती अधिकारात कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात ठेकेदाराच्या परवान्याची आणि कंपनीच्या नोंदणीची प्रत मागा. परवान्यावर कामाचं स्वरूप आणि माणसांची संख्या असते. परवाना हाऊसकीपिंग किंवा लोडिंग-अनलोडिंगचा आणि माणूस प्रेसवर, असं निघालं तर केसला वजन येतं.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नियमांचं काम त्यानंतरही चालू राहिलं, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी कोणता नियम चालू आहे हे कामगार कार्यालयात विचारून घ्या. मालकांच्या बाजूचा बदल मोठा आहे: परवानगीची मर्यादा १०० वरून पुन्हा ३००, स्थायी आदेशांची सक्तीही ३०० कामगारांपासून (महाराष्ट्रात ती ५० पासून होती), आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० पासून; मूळ केंद्रीय कायद्यात २० होते. दीडशे माणसांच्या वेंडरकडे २४० दिवसांचा जुना आधार आता लंगडा झाला, हे स्पष्टच बोललं पाहिजे. संपाला १४ दिवसांची नोटीस सगळीकडे लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

कामगाराच्या बाजूने तीन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत. नियुक्तीपत्र सक्तीचं झालंय, तेव्हा ते लेखी मागा. नोकरी सुटली तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं. आणि कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. अपवाद ठेवलेत: ते काम त्या धंद्यात एरवीही ठेकेदाराकडूनच होत असेल, दिवसभर माणूस लागत नसेल, किंवा काम अचानक वाढून ठरावीक मुदतीत संपवायचं असेल. सफाई, सुरक्षा, कॅन्टीन, माल चढवणं-उतरवणं ही कामं सहसा मुख्य धरली जात नाहीत. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रेस हे मुख्य काम नाही असं म्हणणं कठीण आहे. कंपनी ‘अचानक वाढलेलं काम’ हा अपवाद पुढे करेल. चार वर्षं रोज चाललेलं काम अचानक कसं, हा तुमचा प्रतिप्रश्न.

कंपन्यांचा कल आता ठेकेदाराकडून ‘ठरावीक मुदतीच्या’ नेमणुकीकडे जाईल असं मला वाटतं. तशी ऑफर आली तर हिशेब करून बघा. त्यात मालक थेट कंपनी असते, त्याच कामाच्या परमनंट माणसाइतके लाभ द्यावे लागतात, आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. ग्रॅच्युइटीसाठी धरलेलं वेतन १५,००० आणि दोन वर्षं असतील तर १५,००० × १५ ÷ २६ × २, म्हणजे सुमारे १७,३०८ रुपये. पण मुदत संपली की नोकरी संपली, ती कपात धरली जात नाही, भरपाई नाही. ही सही करण्याआधी जुन्या चार वर्षांवरचा हक्क सोडल्याचा कागद सोबत घुसवलाय का, ते वाचा.

ठेकेदार बदलताना ‘फुल अँड फायनल’च्या नावाखाली राजीनामा लिहून घेतात. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच, आणि राजीनाम्यावर सही केली तर ‘काढलं’ म्हणता येत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दर बदलाला पीएफ काढून घेणं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यावर. जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करा, युएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) एकच ठेवा. ‘नीम’सारख्या प्रशिक्षणार्थी योजनेतून किंवा अॅप्रेंटिस म्हणून नाव लावलं होतं का, तेही तपासा, कारण अॅप्रेंटिस कायद्याने कामगार धरला जात नाही आणि तो काळ सेवेत मोजून घेणं अवघड जातं.

एकट्याने अर्ज टाकू नका. त्याच ठेक्यावरच्या पाच-पन्नास जणांनी मिळून, शक्यतो नोंदणीकृत युनियनमार्फत, आधी कंपनी आणि ठेकेदार दोघांना लेखी मागणीपत्र द्यावं: कंत्राट दिखाऊ आहे, आम्हाला कंपनीचे कामगार माना, पहिल्या दिवसापासूनचा फरक द्या. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाचा अर्ज, दोघांनाही पक्षकार करून. समेट फसला की न्यायाधिकरण. आता कामगाराला किंवा युनियनला तिथे स्वतः जाता येतं, सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही, पण समेट फसल्याच्या अहवालापासून ९० दिवसांच्या आत जावं लागतं. समेट प्रलंबित असताना ठेका बदलला किंवा भावाला गेटवर अडवलं, तर त्याच दिवशी हजर असल्याचा लेखी अर्ज कंपनीला ईमेलने आणि पोस्टाने द्या, नाहीतर ‘तो स्वतःच येईनासा झाला’ हा बचाव तयार असतो. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.