कर्ज कोणत्या वकिलीसाठी काढायचे?

"राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळते आहे, पण पाच वर्षांचा खर्च पंधरा लाखांच्या घरात जातो. कर्ज काढून पाठवावे, की राज्यातल्याच एखाद्या विधी महाविद्यालयात घालावे?" डिसेंबरमध्ये क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागल्यापासून पावसाळ्यापर्यंत हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येत राहतात. सर्वांना लागू पडेल असे उत्तर त्याला नाही, म्हणून एका मुलीची हकिकत सांगतो. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, आणि वडील तिथल्याच न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे कारकून. परराज्यातल्या, अलीकडच्या काळात सुरू झालेल्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिला जागा मिळत होती आणि तिने तिथेच जावे असा आग्रह वडिलांचाच होता. "सर, कोर्टातले ज्युनिअर मी रोज बघतो. वर्षानुवर्षं सिनिअरच्या मागं फायली घेऊन फिरतात आणि मुदतीचे अर्ज देतात, पण हातात पेट्रोलपुरते पैसे पडत नाहीत. पोरीचं तसं व्हायला नको." त्यांचे निरीक्षण बिनचूक होते, त्यावरून महागडे विद्यापीठ हाच उपाय ठरतो का, एवढेच तपासायचे होते.

त्यांनी सोबत आणलेल्या माहितीपुस्तिकेत 'सर्वोच्च पॅकेज'च्या आकड्याभोवती बॉलपेनने गोल केलेला होता. त्या वर्षी तुकडीत किती विद्यार्थी होते, त्यांपैकी कितींना विद्यापीठामार्फत नोकरी लागली आणि पगाराच्या उतरत्या यादीत अगदी मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले, हे मी शोधायला सांगितले. तिघांनी मिळून पुस्तिका दोनदा चाळली. यातले काहीच तिच्यात नव्हते. मग मुलीने तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना गाठले. मोजक्या मुलांना मोठ्या फर्ममध्ये काम लागले आणि बाकीच्यांनी आपापल्या इंटर्नशिपच्या ओळखीवर वाट काढली, असे दोघींनीही सांगितले.

मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्म नवख्या वकिलालाही वर्षाला पंधरा लाखांच्या वर देतात, हे खरे आहे. परंतु त्यांची भरती मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता अशा जुन्या आणि नावाजलेल्या संस्थांमधून होते. बंगळुरूच्या विद्यापीठाची पहिली तुकडी १९८८ सालची. तिथल्या माजी विद्यार्थ्यांचे जाळे नव्या विद्यापीठाकडे केवळ 'राष्ट्रीय' या पाटीमुळे येत नाही. कॉर्पोरेट कामाचीच ओढ असलेल्या एका मुलाला अशा जुन्या संस्थेत जागा मिळाली, तेव्हा कर्ज काढा, असे मीच त्याच्या पालकांना सांगितले होते.

या मुलीला मात्र कॉर्पोरेट काम नको होते. तिच्याशी एकटीशी बोललो तेव्हा तिने सरळ सांगितले, "मला न्यायाधीश व्हायचंय." इथे हिशेब बदलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयानुसार दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक झाली आहे, आणि किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने दिलेले तिचे प्रमाणपत्र न्यायिक अधिकाऱ्याच्या पुष्टीसह चालते. म्हणजे वडिलांना जी ज्युनिअरशिप टाळायची होती, ती या वाटेवर कोणत्याही विद्यापीठातून पदवी घेतली तरी करावीच लागणार होती.

मग कागद घेतला. दरवर्षी तीन लाख याप्रमाणे पंधरा लाखांचे कर्ज, व्याज साडेदहा टक्के, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. तोवर सरळ व्याजच सहा लाख तीस हजार होते. एकूण एकवीस लाख तीस हजार दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता साधारण २८,७०० रुपये बसतो. वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ही शिफारसच आहे, आणि ती किती पाळली जाते हे कारकुनाला मी काय सांगणार! ते हप्त्याच्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हप्ता मीच भरायचा."

दुसरी वाट राज्याच्या सीईटीची, म्हणजे विधी महाविद्यालयांसाठीच्या सामायिक प्रवेशपरीक्षेची होती. पुण्याचे १९२४ सालचे आयएलएस आणि मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय याच परीक्षेतून प्रवेश देतात. शिवाय कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला आहे. व्यवस्थापन कोटा आणि खाजगी अभिमत विद्यापीठे त्यात बसत नाहीत, हे फॉर्म भरण्याआधी पाहून घ्यावे. पुण्यातली खोली, मेस आणि पुस्तके धरून वडिलांनी वर्षाला दीड लाखाचा अंदाज काढला, आणि बचतीतून व गरज पडल्यास लहानशा कर्जातून तो भागण्यासारखा होता.

सर्वांत जास्त ताण वेळापत्रकाचा होतो. क्लॅटच्या जागेसाठी पैसे भरायची मुदत संपते तेव्हा राज्याच्या प्रवेशफेऱ्या सुरूही झालेल्या नसतात. अशा वेळी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हा नियम पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर अर्ज करतानाच वाचावा. या कुटुंबाने ती रक्कम न भरता सीईटीची वाट पाहिली. गुण चांगले होते तरी यात जोखीम होती, आणि ती मी त्यांना स्पष्ट सांगितली होती.

मुलगी आता पुण्यात शिकते. वाचलेल्या पैशांपैकी काही रक्कम तिने दोन उन्हाळ्यांत मुंबईत राहून उच्च न्यायालयातल्या वकिलांकडे इंटर्नशिप करण्यासाठी राखून ठेवावी, असे मी सुचवले आहे. मुंबईचा एवढा खर्च कशाला, तालुक्यातच शिकता येईल, असे आता वडिलांचे म्हणणे आहे. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.