प्रार्थनेच्या पुस्तकातली पावती

प्रिय ताई,
मी मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर म्हापशाला आले. नवरा जहाजावर होता. गेल्या पावसाळ्यापासून घरी आहे, पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलंच नाही. आधीच खचलाय. मुलीची फी भरायला मी आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या, त्याला सांगितलं नाही. पावती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलीय, तिथे कोणी हात लावत नाही. ईस्टरआधीच्या या उपवासकाळात मांस सोडलं, मासळीही सोडली, दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट करते, येशूच्या क्रूसयात्रेच्या एकेका स्थानाशी थांबून प्रार्थना. पण प्रार्थनेला बसलं की आत सगळं कोरडं. देवावरचा विश्वास परत कसा मिळवू?

— म्हापशाची एक वाचक

बाई, तुमच्या पत्रातलं एकच वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ‘तिथे कोणी हात लावत नाही.’

घरातल्या ज्या पुस्तकाला रोज चार हात लागायला हवेत, तेच तुम्हाला लपवाछपवीसाठी सोयीचं वाटलं. आता तुम्ही ते उघडता, पान उलटता, आणि घडी घातलेला तो कागद मधूनच डोकावतो. निम्मं मन देवाकडे, निम्मं दाराकडे: नवरा आत तर येत नाही ना? अशी प्रार्थना कोरडीच होणार. देव तुमच्यावर रुसलेला नाही.

तुम्ही म्हणाल, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारीच तर वाचतात, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातलं ते वचन मलाही पाठ आहे. पण ते दार लोकांची वाहवा बाहेर राहावी म्हणून बंद करायचंय. उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, हेही त्याच कारणासाठी सांगितलंय. नवऱ्यापासून कर्ज दडवायला त्या वचनाचा आधार घेऊ नका.

आणि तो खचलाय म्हणून सांगितलं नाही, हे मला अजिबात पटत नाही. महिनोन् महिने घरापासून दूर, दर्यावर राबलेला माणूस एका पावतीने मोडेल, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. पाटल्या तुमच्या आईच्या, त्या ठेवायचा हक्क तुमचा, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण घर दोघांचं आहे. त्याच्याकडे काम नाही, आणि आता घरातल्या काळजीतही त्याचा वाटा तुम्ही ठेवला नाहीत.

पकडलं जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूने काय केलं ते आठवा. पेत्र, याकोब, योहान या तिघा शिष्यांना बरोबर नेलं आणि सरळ सांगितलं की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, हे खरं. तरी त्याने सांगितलं. पित्यापुढे गुडघे टेकायच्या आधी सोबत्यांना सांगितलं. तुम्ही मात्र सगळं एकटीने उचलायला निघालात आणि त्यालाच श्रद्धा म्हणताय.

आपल्या गोव्यातल्या राशोलला १६१६ साली इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं, मराठीत. लोक ते चर्चमध्ये, घरांत, जमून मोठ्याने म्हणत. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मला हे फार प्रिय आहे, म्हणून सांगितलं. तुमच्या घरात देवाचा शब्द शेवटचा मोठ्याने कधी वाचला गेला?

म्हणून एवढं करा. या गुरुवारी रात्री मुलगी झोपली की ते पुस्तक जेवणाच्या टेबलावर आणा, पावती काढा आणि नवऱ्याच्या हातात द्या. रक्कम, व्याज, सोडवायची तारीख, सगळं त्याला स्वतः वाचू दे. तो रागावेल. कदाचित उठून बलकांवात, घरापुढच्या ओट्यावर, जाऊन बसेल. बसू दे. मागोमाग जाऊन सारवासारव करू नका, रडून विषय बदलू नका. परत आला की मुलीच्या फीची पावतीही दाखवा.

मासळीचं म्हणाल तर चर्चने ती सोडायला सांगितलेलीच नाही. शनिवारी बांगडे आणा, तिखलं करा, दोघं एकत्र जेवा.

शुक्रवारी मात्र त्याला बरोबर घेऊन जा. क्रुसाच्या वाटेतल्या पाचव्या स्थानाशी कुरेनेकर शिमोनाला येशूचा क्रूस उचलायला लावतात. तिथे नवरा तुमच्या शेजारी उभा असू दे.